श्वास रोखलेली अंडी

रुपेश कुबलच्या तळहातात पाखटाचा काटा घुसला, त्या दिवशी त्याची धाकटी बहीण तृप्ती कित्येक वर्षांनी त्याच्याशी बोलली.

मालवणच्या दक्षिणेला दांडेवाडी म्हणून लहानसं बंदर आहे, तिथली ही गोष्ट. तोवर होड्या बॅटरीवर चालू लागल्या होत्या आणि मासळीचा लिलाव होडी किनाऱ्याला लागायच्या आधीच फोनवर उरकायचा. पण जाळ्यात गुंतलेलं पाखट सोडवायला अजून माणसाचा हातच लागायचा. पाखट हा अंथरलेल्या चादरीसारखा चपटा मासा. शेपटीवर करवतीच्या धारेचा विषारी काटा असतो. तो रुपेशच्या तळव्यातून आरपार गेला होता.

तृप्ती दवाखान्यात पोचली तेव्हा त्याचा हात बांधून झाला होता. ती कॉटशेजारी उभी राहिली. 

"दुखता?" शेवटी तिने विचारलं.

"दुखता मरणाचा."

"आणि ता पाखट?"

"सोडलंय ताका. जिता होता."

"हातात काटा असताना?"

"मगे काय करूचा होता?" रुपेश भिंतीकडे बघत म्हणाला. "पोट फुगलेला होता तेचा. पिल्ला होती आत."

तृप्तीने स्टूल ओढलं आणि बसली.

भांडण झालं होतं तेही अशाच माशांवरून. तृप्ती विद्यापीठाच्या सागरी केंद्रात मुशी, म्हणजे शार्क, आणि पाखटं यांचा अभ्यास करायची. केंद्र दांडेवाडीच्याच किनाऱ्यावर. कानमुशीला, म्हणजे हातोड्यासारखं डोकं असलेल्या मुशीला, संरक्षण मिळावं म्हणून तिने सरकारी समितीपुढे जबानी दिली. कायदा झाला आणि पहिल्याच तपासणीत रुपेशच्या होडीतली मासळी जप्त झाली. 'सख्ख्या बहिणीने पकडून दिला' असं बंदरावर लोक म्हणू लागले. रुपेशने कानमुशी मुद्दाम मारली नव्हती, ती जाळ्यात आली होती. तृप्तीनेही त्याला पकडून दिलं नव्हतं. पण हे एकमेकांना सांगायला दोघांतलं कोणी गेलं नाही, आणि बोलणं तुटलं ते तुटलंच.

त्या दिवशी दवाखान्यात रुपेश म्हणाला, "माका मुशी नको, पाखटा नको. ती येतत, जाळी फाडतत आणि मरान जातत. तुमी इतकी शिकलेली माणसा, त्यांका जाळ्यापासून लांब ठेवूचा कायतरी काढा ना."

तृप्ती घरी गेली ती हे वाक्य डोक्यात घेऊनच.

*

समुद्रातल्या माशांची ढोबळ दोन घराणी. बांगडा, सुरमई, पापलेट यांच्या अंगात हाडांचा सांगाडा असतो. मुशी, पाखट, करवत मासा यांच्या अंगात एकही हाड नसतं. आपल्या कानाची पाळी ज्या लवचिक कुर्चेची असते, तिचाच त्यांचा सगळा सांगाडा. या घराण्याला निसर्गाने आणखी एक देणगी दिली आहे. त्यांच्या नाकाडावर बारीक छिद्रं असतात आणि प्रत्येक छिद्राखाली चिकट द्रवाने भरलेली एक नळी. या नळ्यांनी त्यांना वीज कळते. प्रत्येक जिवंत प्राण्याचं काळीज धडधडतं, कल्ले हलतात, त्यातून अगदी क्षीण वीज खाऱ्या पाण्यात पसरते. वाळूखाली दडलेला मासा मुशीला दिसत नाही, त्याचा वास येत नाही, तरी तो तिथे आहे हे तिला समजतं. बांगड्याला किंवा सुरमईला यातलं काहीच कळत नाही.

म्हणजे असा काही निरोप पाण्यात सोडता आला असता, जो एकाच घराण्याला ऐकू जाईल आणि दुसऱ्याला जाणारच नाही.

तृप्तीने लिंबाएवढी एक डबी बनवली. ती जाळ्याच्या दोरीला अडकवायची. पाण्यात गेली की ती विजेचे सौम्य ठोके सोडायची. त्या ठोक्यांनी माशाला इजा होत नव्हती. आपण उजेडाकडे बघताना डोळे मिचकावतो, तेवढाच त्रास. चाचणी कोणाच्या जाळ्यावर घ्यायची हा प्रश्नच नव्हता. रुपेशने बऱ्या झालेल्या हाताने स्वतः डब्या बांधल्या. पहिला आठवडा जाळ्यात एक मुशी आली नाही, एक पाखट आलं नाही. शिंगाळेसुद्धा पळाले, कारण हाडांच्या घराण्यात असूनही शिंगाळ्याला वीज कळते. पण सुरमई नेहमीसारखी मिळाली. पोरांनी डबीला 'झिणझिणी' नाव ठेवलं आणि तेच पुढे रूढ झालं.

महिन्याभरात मुशी परत आल्या. एकाच तालाचे ठोके त्यांना सवयीचे झाले होते. तृप्ती त्यावर बराच काळ झगडली आणि मग तिला उपाय सापडला. ठोके बेतालपणे सोडायचे. कधी लागोपाठ, कधी थांबून, कधी हलके, कधी जोरात. पुढचा ठोका कधी येणार याचा अंदाजच बांधता येणार नाही असे. ज्याचा अंदाज येत नाही, त्याची सवय होत नाही. मुशी पुन्हा फिरकल्या नाहीत.

झिणझिणी गावभर झाली, मग शेजारच्या गावांत गेली. रुपेश बंदरोबंदरी जाऊन लोकांना ती बांधायला शिकवायचा. "माझ्या बहिणीन काढलेली," हे तो सांगायला विसरायचा नाही. मच्छीमार सोसायटीने त्याला अध्यक्ष केलं. दर रविवारी दुपारी तृप्तीचं ताट भावाकडे वाढलेलं असायचं. ममतावहिनी तिच्यासाठी तिरफळं घातलेली बांगड्याची कढी करायची आणि जेवण झाल्यावर भाऊबहीण ओटीवर बसून पुढच्या डबीत काय सुधारायचं यावर वाद घालायचे. तृप्ती एकटी राहायची. मधली अबोल्याची वर्षं तिने कशी काढली हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. आता रविवार जवळ आला की तिला शुक्रवारपासूनच बरं वाटायला लागायचं.

*

एका दुपारी ती केंद्रातल्या टाक्यांपाशी काम करत होती. एका टाकीत बांबू मुशीची अंडी होती. ही हातभर लांबीची गरीब मुशी. लहानपणी तिच्या अंगावर बांबूच्या पेरांसारखे पट्टे असतात. बऱ्याच मुशी पिल्लांनाच जन्म देतात, ही मात्र अंडी घालते. अंडं म्हणजे चामड्यासारखी तपकिरी पिशवी, बारीक तंतूंनी खडकाला चिकटवलेली. आई ती चिकटवते आणि निघून जाते. पुढचे तीनचार महिने पिल्लू आत एकटंच वाढतं. अर्धी वाढ झाली की पिशवीच्या कडेला फटी उघडतात, आणि आतलं पिल्लू शेपटी हलवत राहतं, म्हणजे ताजं पाणी आत येतं. ती हालचाल हाच त्याचा श्वास.

तृप्तीने एका अंड्यामागे दिवा धरला. तपकिरी पडद्यातून पिल्लाची सावली दिसली. दोरीसारखं बारीक अंग, पिवळ्या बलकाचा गोळा, आणि न थकता हलणारी शेपटी. तिला हे बघायला नेहमीच आवडायचं.

तेवढ्यात शेपटी थांबली.

पिल्लाने ती अंगाभोवती गुंडाळून घेतली होती. कल्लेही थांबले. आजारी आहे की काय म्हणून ती वाकून बघू लागली. काही क्षणांनी शेपटी सुटली, हलली आणि पुन्हा गुंडाळली गेली. तिने शेजारचं अंडं उजेडात धरलं. त्यातलं पिल्लूही थिजलेलं. तिसऱ्यातलंही.

टाकीच्या दुसऱ्या टोकाला दुरुस्तीला आलेली एक झिणझिणी पाण्यात टाकून ठेवलेली होती. सकाळी ती स्वतःच चालू करून गेली होती. तृप्तीने हात घालून ती बंद केली आणि वाट बघत राहिली. हळूहळू एकेका पिशवीतली शेपटी हलू लागली. तिने डबी परत चालू केली. सगळ्या शेपट्या थांबल्या.

मग तिच्या लक्षात आलं. अंड्यातल्या पिल्लाला पळता येत नाही. जवळ शिकारी आला तर त्याच्या हातात एकच गोष्ट असते, गप्प राहणं. शेपटी हलवायची नाही, श्वास घ्यायचा नाही, आपण इथे नाहीच असं भासवायचं. हे तिने पुस्तकात वाचलेलं होतं. एरवी शिकारी निघून जातो आणि पिल्लू पुन्हा श्वास घेतं. एकाच तालाचा ठोका असता तर तेही त्याला सरावलं असतं. पण तृप्तीची डबी सराव होऊ द्यायची नाही. तीच तर तिची हुशारी होती.

दुसऱ्या दिवशी ती म्हातारीच्या खडपावर पाण्यात उतरली. बंदरासमोरचा हा बुडालेला खडक. बांबू मुशी तिथेच अंडी घालतात आणि त्याच्या कडेला सुरमई चांगली मिळते म्हणून गावातल्या निम्म्याअधिक होड्या तिथेच जाळी लावतात. प्रत्येक जाळ्याला झिणझिण्या. खडकाच्या कपारींत अंडी होती, भरपूर होती. तिने एकेक बोटांनी चाचपलं, दिव्यासमोर धरलं. बहुतेकांतली पिल्लं पुरी वाढायच्या आधीच मेलेली होती. पट्टेसुद्धा उमटलेले होते, आणि शेपटी अंगाभोवती गुंडाळलेली.

पाण्याखाली रडलं तर मास्कमध्ये पाणी साचतं. तिला दोनदा वर यावं लागलं.

*

पुढच्या आठवड्यात अधिकारी येणार होते. झिणझिणी सगळ्या किनाऱ्यावर सक्तीची करायची ठरत होतं. तृप्तीच्या शिफारशीवर सही झाली की काम संपलं. समारंभात भावाबहिणीचा सत्कार व्हायचा होता. वहिनीने त्यासाठी रुपेशला नवा सदरा आणला होता.

रविवारी जेवण झाल्यावर तृप्तीने ओटीवर सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. रुपेश तोंडातली सुपारी चघळायचं थांबून ऐकत होता.

"म्हणजे मोठी वाचतत आणि पिल्ला मरतत?"

"होय. आणि पिल्ला नसली तर थोड्या वर्षांनी मोठी पण नसतली."

"तू सांगलेलंस, ह्येचा कोणाक कायच होणा नाय म्हणान."

"माका तसाच वाटलेला, दादा."

"मी अख्ख्या किनाऱ्याक सांगान इलंय." त्याचा आवाज चढला नाही, पण जड झाला. "लोकांनी माझ्या शब्दावर बांधल्यानी. आता मी तेंका काय सांगू? एकदा तुझ्यापायी माझी मासळी गेली, आता माझो शब्द जातलो. आमचा बरा चाललेला तुका बघवणा नाय काय गो?"

वहिनी दारात येऊन उभी होती, तिच्याकडेही तृप्तीला बघवेना. रुपेश उठून आत गेला. ती चप्पल घालून निघाली आणि किनाऱ्याने चालत राहिली. केंद्राचं फाटक मागे पडलं तरी तिला कळलं नाही.

सही करायला तिला फारसं काही लागणार नव्हतं. अंड्यांचं ती आणि भावाचं घर सोडून कोणाला माहीत नव्हतं. खडपावर कोणी दिवा घेऊन उतरणार नव्हतं. मुशी कमी होताहेत हे लोकांच्या ध्यानात यायला काळ लागला असता, आणि तोवर कारणं पुष्कळ सापडली असती. या विचाराशी ती एक संपूर्ण दिवस बसली. मग तिने अधिकाऱ्यांना कळवलं की शिफारस करता येणार नाही, आणि का ते सविस्तर कळवलं. सत्कार रद्द झाला.

पुढच्या रविवारी ती भावाकडे गेली नाही. दुपारी वहिनीचा फोन आला.

"ताट वाढलंय तुझा."

"दादा आसा घरात?"

"आसा. बोलणा नाय कोणाशी."

"मगे नको वहिनी. तो जेवचो नाय माझ्यासमोर."

*

रुपेश आला तो मंगळवारी, उन्हं कलताना. टाक्यांच्या खोलीच्या दारात पायातल्या चपला काढून उभा राहिला, देवळात आल्यासारखा.

"दाखव माका," तो म्हणाला.

तृप्तीने एक अंडं पाण्यातच उचललं आणि त्यामागे दिवा लावला. रुपेश गुडघ्यांवर बसला. जन्मभर त्याने अशी अंडी जाळ्यातून झटकून टाकली होती, त्यांच्या आत एवढी लगबग चाललेली असते हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. पिल्लाचे डोळे दिसत होते, मोहरीएवढे. शेपटी डावीउजवीकडे चाललेली.

"ह्या सारख्या असाच करता?"

"सारख्या. थांबला तर गुदमरता."

त्याने खिशातून झिणझिणी काढली. स्वतःच्या जाळ्याची, दोरीचा तुकडा अजून लोंबत असलेली. ती पाण्यात सोडली आणि कळ दाबली.

शेपटी आक्रसली. कल्ले मिटले. उजेडात ती सावली चित्रासारखी स्थिर झाली.

रुपेश बघत राहिला. तृप्ती पिल्लाकडे बघत नव्हती, ती भावाकडे बघत होती. त्याची छाती हलत नव्हती. त्याने स्वतःचाच श्वास धरून ठेवला होता आणि ते त्याच्या लक्षात नव्हतं.

"कितक्या वेळ ऱ्हवतला असा?" तो कुजबुजला.

"तू बंद करीपर्यंत."

त्याने घाईने पाण्यात हात घातला. बाही भिजली. डबी बंद केली तरी पिल्लू हललं नाही. "इला नाय अजून," तो म्हणाला. "तृप्ती, इला नाय."

"थांब. घाबारला हा ता. थांब जरा."

दोघं थांबली. बाहेर कोणीतरी होडी ओढताना हाकारे देत होतं. मग शेपटीचं टोक किंचित सुटलं. पुन्हा आवळलं. पुन्हा सुटलं. आणि ते इवलंसं अंग पाणी ढकलू लागलं. रुपेशने तोंडातून मोठा श्वास सोडला आणि खाली फरशीवर बसला.

"आमी झिणझिणी काढून नुसती जाळी टाकलंव तर?" त्याने विचारलं.

"तर पयल्यासारखी मोठी येतली जाळ्यात."

"म्हणजे थंय जाळीच नको."

"खडपावर नको. भायर खोल पाण्यात चलात. थंय अंडी नसतत."

म्हातारीच्या खडपावरची सुरमई सोडायची म्हणजे काय, हे तिला सांगायची गरज नव्हती आणि त्याला विचारायची गरज नव्हती. तो उठला, चपला घातल्या. दारातून मागे वळून म्हणाला, "त्या दिवशी मी बोललंय ता मनात ठेवू नको."

"ठेवलेलाच नाय."

"ठेवलंस. म्हणान इलंस नाय जेवाक."

*

सोसायटीची सभा देवळाच्या मंडपात झाली. रुपेशने उभं राहून सांगितलं की खडपावर यापुढे कोणी जाळी टाकू नयेत, निदान अंड्यांच्या हंगामात तरी. लोक आधी हसले, मग चिडले. कालपर्यंत तूच घरोघरी येऊन डब्या बांधत होतास, असं एकाने सुनावलं. मुशीच्या पोरांपायी आमची पोरं उपाशी ठेवू काय, दुसऱ्याने विचारलं. बहिणीने चावी दिली की हा बोलतो, असंही मागून कोणी म्हणालं.

"बहिणीन सांगला ह्या खरा," रुपेश म्हणाला. "पण बघलंय मी माझ्या डोळ्यांनी. तुमका बघूचा असात तर चला, केंद्र काय लांब नाय."

काही जण गेले. दिव्यापुढे वाकले, गप्प होऊन परतले. बाकीचे गेलेच नाहीत. पुढच्या निवडणुकीत रुपेशचं अध्यक्षपद गेलं. त्याने मात्र सभेच्या दुसऱ्याच दिवशी आपली जाळी खडपावरून उचलली आणि खोल पाण्यात नेली. तिथे पोचायला उशीर व्हायचा, सुरमईही कमी मिळायची. ज्यांनी अंडी पाहिली होती त्यांच्या होड्या एकेक करून त्याच्या मागोमाग गेल्या. सगळ्या गेल्या नाहीत. खडपाची एक बाजू मोकळी झाली, दुसरीवर जाळी पडतच राहिली. सरकारने झिणझिणीला खोल समुद्रापुरतीच परवानगी दिली. तृप्तीला वाटलं होतं त्याहून हे कमी होतं, आणि तिला भीती होती त्याहून बरंच जास्त.

पुढच्या हिवाळ्यात पाणी निवळल्यावर ती खडपावर उतरायला निघाली. होडी रुपेशची होती. अलीकडे तोच तिला न्यायचा.

मोकळ्या बाजूच्या कपारींत नवी अंडी होती, चकाकत्या तपकिरी पिशव्यांचे झुबके. तिने पहिलं अंडं दिव्यासमोर धरलं. शेपटी हलत होती. दुसऱ्यात हलत होती. तिसरं रिकामं होतं, एका टोकाला व्यवस्थित फाटलेलं, पिल्लू बाहेर पडून गेलेलं. जरा पुढे खडकाच्या सावलीत ते, किंवा त्याच्यासारखंच दुसरं एक, वाळूवर टेकून बसलं होतं. बोटभर लांब, अंगावर काळेपांढरे पट्टे. तिची चाहूल लागताच ते सळसळत कपारीत शिरलं. ती तिथेच तरंगत राहिली, हवा संपत आल्याची सूचना येईपर्यंत.

वर आली तेव्हा सगळीकडे विलक्षण शांतता होती. होडी लाटांवर नुसती डुलत होती. रुपेशने मोटर बंद करून वल्हं हातात घेतलं होतं, आणि प्रवाह होडीला खडपापासून लांब ओढत होता तसतसा तो ती हाताने जागेवर आणत होता. घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

"मोटर कित्याक बंद केलंस?" तृप्तीने काठाला धरून विचारलं. "तिचो पिल्लांका काय त्रास नाय. झाकलेली आसा ती सगळी, वीज भायर येणा नाय."

"माका काय म्हायत," रुपेश म्हणाला आणि तिला वर घ्यायला हात पुढे केला. "असूदे. हलूदेत ती निवांत."